किमान चाळीस वॉट

दिवा बंद असताना तो खरोखरच बंद आहे का, हा प्रश्न पडायला एक तर माणूस वेदान्ती असावा लागतो, नाही तर त्याच्या घरात स्मार्ट डिमर बसवलेला असावा लागतो. वेदान्ताशी माझा परिचय लग्नपत्रिकेवरच्या श्लोकाच्या पुढे गेलेला नाही. डिमर मात्र आमच्या दिवाणखान्यात आहे. रात्री सगळे निजले, रस्त्यावरची शेवटची रिक्षा खोकत निघून गेली, की छतातले चार दिवे आपले गुपित उघडे करतात. फोनच्या पडद्यावर ते बंद असतात. भिंतीवरचे बटणही तीच साक्ष देते. पण मान वर करून पाहिले, तर चारही जागी फिकट, काहीतरी सांगायचे राहून गेल्यासारखा उजेड साचलेला असतो. त्या उजेडात वाचता येत नाही, चष्मा सापडत नाही, वाटेतली खुर्चीही चुकवता येत नाही. ‘मी अजून आहे’ एवढेच तो कळवतो. निवृत्त झालेल्या हेडक्लार्कने सकाळी साडेदहाला, काही काम नसताना, जुन्या कचेरीच्या दारात येऊन उभे राहावे तसा.

हा उजेड प्रथम आईला दिसला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून तिला पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या आहेत : भिंतीचे पोपडे, माझे पांढरे केस आणि बंद दिव्यातला उजेड. रात्री पाणी प्यायला उठली असताना तिने तो पाहिला आणि सकाळी चहा घेताना, शेजारच्यांकडे पाहुणे आल्याचे सांगावे इतक्या सहजपणे सांगितले, “अरे, तुमचे ते दिवे रात्रभर अर्धवट जागे असतात.” मला ते ऐकून नवल वाटायला हवे होते, पण शून्य म्हणजे अगदीच काही नाही असे मानायची सवय आपल्या घरांना मुळात कधी नव्हतीच. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात झिरोचा बल्ब असे. हिरवा, निळा किंवा लाल. तो बारा-पंधरा वॉट वीज खाई, पण जुन्या मीटरची चकती एवढ्याशा ओझ्याला फारशी दाद देत नसे, म्हणून त्याचे नाव शून्य. त्या शून्याच्या हिरव्या उजेडात आम्ही भावंडे घाबरलो, भांडलो आणि झोपलो. तेव्हा बंद नसलेल्या बंद दिव्याशी आमची ओळख जुनीच म्हणायची.

हा डिमर आमच्याकडे आला तो मुलीच्या हौसेतून. ती बंगळुरात असते आणि दिवाळीला येताना आमच्या जुन्या घराला एखादी नवी विद्या शिकवून जाते. बटणांच्या बोर्डामागे काडेपेटीएवढे एक यंत्र बसले, आमच्या फोनमध्ये एक ॲप आले आणि पडद्यावर एकापासून शंभरपर्यंत सरकणारी एक पट्टी उगवली. “वाचताना शंभर, गप्पा मारताना साठ, टीव्ही बघताना तीस, आणि आजीला रात्री दहा,” असे तिने आम्हाला पढवले. इतकी वर्षे आमच्या घरात उजेड एक तर असायचा किंवा नसायचा. आता त्याला गुण मिळू लागले. शंभरला तो झगझगीत होता, साठला समंजस. पस्तिशीखाली मात्र त्याचा तोल जाऊ लागला. म्हणजे नापास होण्याची रेषा त्याला शाळेतल्या मुलांइतकीच नेमकी ठाऊक होती. पस्तिशीच्या खाली गेला, की तो थरथरे, दचके, क्षणभर उजळे, पुन्हा खाली बसे. मैफल संपल्यावर तबलजीची बोटे उगाच मांडीवर वाजत राहतात, तशी त्याची चाललेली असे.

घरातल्या प्रत्येकाने या थरथरीचा आपापल्या परीने अर्थ लावला. बायकोने पहिल्या दिवशी काळजी केली, दुसऱ्या दिवशी तिने त्याला ‘तुमचं डिस्को’ असे नाव दिले, आणि त्यानंतर पाहुणे आले की त्यांनी विचारायच्या आत ती सांगू लागली, “तो तसाच आहे, लक्ष देऊ नका.” नात्यातल्या एखाद्या काकांविषयी सांगतात, तितक्या आपुलकीने. आईचा अर्थ अधिक खोल होता. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, “डोळा लवतोय त्याचा. बाईचा डावा लवला तर चांगलं, पुरुषाचा उजवा. दिव्याचं काय असतं ते ठाऊक नाही.”

दिवा मंद करणे हे कधी काळी इतके अवघड नव्हते. कऱ्हाडकडच्या आमच्या आजोळी मी लहान असताना संध्याकाळ म्हणजे कंदिलाचा विधी होता. काच उतरवायची, आत फुंकर घालून मऊ फडक्याने पुसायची, वातीची जळकी कड कातरीने सरळ कापायची. वातीचे एक टोक जरी उंच राहिले, तरी काच एका बाजूने काजळे आणि रात्रभर भिंतीवर एक काळी झालर हलत राही. कंदील तिथून जवळच्याच ओगलेवाडीचा, प्रभाकर. ओगल्यांच्या काचकारखान्याने बनवलेला हा कंदील त्या काळी महाराष्ट्रभर घराघरांत टांगलेला असे. आमच्या आजोळी मात्र तो शेजारच्या गावचा म्हणून त्याचा मान सोयऱ्यासारखा. त्याच्या कुशीला एक लहानशी चावी होती. ती फिरवली की वात वर-खाली होई, आणि ती फिरवण्याचा अधिकार फक्त आजीचा. रॉकेल रेशनचे. मुले पुस्तकावर असेपर्यंत वात वर. जेवणे उरकली की ती थोडी खाली. आजोबांचे जपाचे मणी थांबले की आणखी खाली. आजीने कधी कोणाला विचारले नाही, किती उजेड हवा. घरात कोण जागे आहे आणि कशासाठी, एवढे तिला माहीत असे, आणि वात तेवढीच राही.

पुढे आजोळी वीज आली तेव्हा वाटले, आता ही चावी गेली. पण ती गेली नव्हती, फक्त लांब कुठेतरी हलवली गेली होती. संध्याकाळी मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरे आणि माजघरातला बल्ब आपोआप लाल होत जाई. आतल्या तारेची वेटोळी दिसू लागत. दिव्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येई. मामा म्हणे, “लाइट कंदील झाली.” मग एकदम मोटारी बंद होत आणि बल्ब भानावर येई. म्हणजे आमच्या गावाला त्या काळीच डिमर बसलेला होता. त्याची चावी कोणाच्या हातात आहे, हे तेवढे कळत नव्हते.

हवा तेव्हा, हवा तेवढा विजेचा दिवा मंद करण्याची हौस प्रथम नाटकवाल्यांना आली, हे स्वाभाविकच होते. साध्या माणसाला सूर्यास्त फुकट मिळतो. नाटकवाल्याला तो रोज रात्री नऊच्या सुमाराला हवा असतो. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले, तेव्हा तिथे सुमारे बाराशे दिवे होते आणि रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करायची सोयही. त्या काळची युक्ती सरळ होती : विजेच्या वाटेत अडथळा घालायचा. लांब तारेची वेटोळी असत, नाही तर चक्क मिठाचे पाणी. मातीच्या उभ्या भांड्यात मिठाचे पाणी, तळाला धातूचा एक पत्रा आणि वरून दोरीने सोडलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळे, वर ओढला की मंदावे. मीठ जास्त तर उजेड जास्त. आपल्याकडच्या हौशी नाटकवाल्यांनीही ही हिकमत पुष्कळ वापरली आहे. मीठ कमी पडले, की त्यांच्या रंगमंचावरचा चंद्रोदय अळणी होत असणार. आणि विंगेत उभ्या असलेल्या माणसाला तापलेल्या पाण्याची वाफ तोंडावर घेत, नायिकेच्या विरहाबरहुकूम दोरी ओढावी लागे. या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान होती. दिव्याला जी वीज मिळत नसे, ती वाया जाई. उष्णता होऊन भांड्यात, तारेत, विंगेत निघून जाई. मंद दिव्याची किंमत कोणीतरी तापून मोजत असे.

हे तापणे वाचवले ते जोएल स्पायरा या अमेरिकन माणसाने. १९५९मध्ये, न्यू यॉर्कच्या आपल्या घरातल्या एका जादा खोलीत त्याने बटणाच्या डबीत मावेल असा डिमर तयार केला. त्याने वीज अडवली नाही, कापली. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते आणि त्यात शंभर वेळा शून्यावरून जाते. डिमरमधला इवलासा दरवान प्रत्येक शून्याला दार लावून घेतो आणि जरा थांबून उघडतो. लगेच उघडले तर दिवा पूर्ण, उशिरा उघडले तर कमी. जितका उशीर, तितका अंधार. मंद दिवा म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उशिरा येणारा दिवा. ही युक्ती समजल्यावर मी आमच्या छताकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहू लागलो. कारण तिचा अर्थ असा, की मंद नावाचे काही त्या यंत्रात नसतेच. तिथे फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची शंभरदा अदलाबदल चाललेली असते. त्या दोघांच्या मधली जी जागा आपल्याला सुखावते, ती आपला डोळा तयार करतो. आणि डोळा हा फार उदार परीक्षक आहे. उजेड मोजायच्या यंत्राने पंचवीस टक्के दिलेला दिवा त्याला साधारण निम्मा वाटतो. दहा टक्क्यांचा दिवा तो जवळजवळ एकतृतीयांशाला नेऊन बसवतो. अंधारात बाहुली मोठी करून, मिळेल त्यात भागवून, तो वरच्या गुणांनी पास करतो. असा परीक्षक आम्हाला दहावीला मिळाला असता, तर आमच्या पिढीचे चित्र वेगळे दिसले असते.

या जागी मला हटकून बाजाची पेटी आठवते. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. एक स्वर संपतो, दुसरा सुरू होतो; एकावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. याच कारणावरून १९४०मध्ये आपल्या रेडिओने पेटीला दाराबाहेर उभे केले आणि १९७१पर्यंत तिथेच ठेवले. पण त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या बैठकांत, भजनांत आणि नाट्यगृहांत पेटी वाजतच राहिली. गोविंदराव टेंब्यांनी आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या वादकांनी तिच्यातून गायकी काढली, ती रसिकांनी मान डोलावून ऐकली. पट्ट्यांमधला तो नसलेला स्वर कुठून आला? काही वादकाच्या बोटांतून, आणि उरलेला ऐकणाऱ्याच्या कानातून. नियमाप्रमाणे जे वाजूच शकत नव्हते, ते लोकांनी प्रेमाने ऐकून घेतले. दिव्याचेही तसेच काही असावे. त्याने फक्त लागायचे आणि विझायचे. संध्याकाळ आपण करून घेतो. पण त्यासाठी ठेका तरी अखंड हवा. आमच्या दिव्याची अडचण तीच होती. त्याचा ठेका मोडत होता, आणि मग डोळ्याची उदारताही संपे.

दुरुस्तीची सुरुवात, रीतीप्रमाणे, यंत्राच्या पोथीपासून झाली. आजच्या सगळ्या यंत्रांची पुनर्जन्मावर गाढ श्रद्धा आहे. काहीही बिघडो, त्यांचा पहिला उपाय एकच : बंद करा, थांबा, पुन्हा सुरू करा. त्यानेही भागले नाही, तर बटण भराभर खाली-वर करायचे म्हणजे यंत्र आपला पूर्वजन्म विसरते, आणि विसरल्याची खूण म्हणून दिवा लुकलुकतो. आता पंचाईत अशी, की आमचा दिवा मुळातच लुकलुकत होता. तो बिघडला म्हणून लुकलुकतो आहे की नव्या जन्माला तयार झाला म्हणून, हे ओळखायला पोथीत काही लक्षण दिलेले नव्हते. मग ॲपने घरातल्या वायफायची चौकशी केली, त्याला २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय लागते, पाचचे चालत नाही. त्यानंतर त्याने माझे ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागितली. मी दिव्याखालीच उभा होतो. मुलीने दिव्यांची खोकी तपासायला सांगितली. साधे एलईडी डिमरवर नीट चालत नाहीत. त्यांच्या खोक्यावर तसा उल्लेख असावा लागतो. आमच्या खोक्यांवर तो होता. शेवटी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती.

“सर, दिवा आत्ता लागलेला आहे का?”

“लागतो आणि विझतो.”

“हो, पण आत्ता, या क्षणी?”

“या क्षणी दोन्ही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या समोरच्या पडद्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन असणार. त्या बिचारीने कोणता दाबला, कोण जाणे. आईनेही मधल्या काळात स्वतःच्या पातळीवर प्रयत्न करून पाहिला. कोपऱ्यातल्या बोलणाऱ्या डबीशी ती, दारावर आलेल्या भाजीवालीशी बोलावे तशी बोलते. “जरा कमी कर गं बाई, आणि थरथरू नको,” असे तिने सांगितले. डबीने हिंदीत क्षमा मागितली. आई म्हणाली, “स्वभावाने चांगली आहे.”

मग वायरमन आला. पोरसवदा, खिशाला टेस्टर लावलेला, बोलण्यात मराठवाड्याचा हेल. त्याने ॲपकडे ढुंकूनही पाहिले नाही. बोर्डाचे स्क्रू काढले, टेस्टरच्या मागच्या टोपीवर बोट ठेवले आणि एकेक वायर चाचपली. टेस्टरच्या दांड्यातला तो नारिंगी ठिपका मला लहानपणापासून भुरळ घालत आला आहे. आतला निऑनचा दिवा इतक्या सूक्ष्म प्रवाहावर पेटतो, की तो प्रवाह धरणाऱ्याच्या अंगातून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. टोपीवर माणसाचे बोट असेल तरच तो नीट लागतो. घरातल्या सगळ्या हुशार उपकरणांत, माणसाने हात लावल्याशिवाय न उजळणारे तेवढेच एक उरले आहे.

“काका, बोर्डात न्यूट्रल नाही,” तो म्हणाला. एरवी आपल्याकडच्या बोर्डावर बटणांच्या शेजारी प्लगही असतो, त्यामुळे न्यूट्रल बहुतेक तिथपर्यंत आलेली असते. आमचा हा बोर्ड नुसत्या बटणांचा. त्यात फेज येते आणि दिव्यांकडे जाते, बस. आता भिंतीतल्या त्या यंत्राला दिवे बंद असतानाही जागे राहायचे असते. फोनवरून कधी हाक येईल, सांगता येत नाही. जागे राहायला वीज लागते आणि न्यूट्रलवाचून ती पुरती मिळत नाही. मग ते बंद दिव्यांमधूनच घोटभर वीज ओढत राहते. दिव्यातला साठवणीचा घटक ते थेंब जमवतो आणि चार दिवे अर्धवट जागे राहतात. आमच्या छतातले ते भूत नव्हते, भूक होती.

थरथरीचे निदानही त्याने उभ्या उभ्या केले. “याला लोड कमी पडतोय.” खोक्याच्या तळाशी, मुंगीने लिहावे अशा अक्षरांत, ते छापलेलेच होते : किमान चाळीस वॉट. आमचे चार दिवे सात-सात वॉटचे, म्हणजे सगळे मिळून अठ्ठावीस. त्या दरवानाला दार उघडे धरून ठेवायला प्रवाहाचा काहीएक जोर लागतो. प्रवाह फारच बारीक झाला, की दार त्याच्या हातून निसटते, ते तो पुन्हा उघडतो, पुन्हा निसटते. हे डिमर मुळात शंभर-साठच्या बल्बांसाठी जन्मले. २०१५मध्ये सरकारची ‘उजाला’ योजना आली आणि त्यानंतर घरोघरचे साठ वॉटचे बल्ब सात-नऊ वॉटच्या एलईडीला जागा देऊन निघून गेले. उजेड तेवढाच राहिला, वजन गेले. घर हलके झाले ते बिलाला मानवले, डिमरला नाही.

“यावर उपाय?”

“एक साधा बल्ब टाका यांच्या जोडीला. चाळीसचा, तारेचा. तो लागला की हे चौघं गप बसतील. घरात एखादं म्हातारं माणूस असलं की बाकीचे कसे नीट वागतात, तसं आहे बघा.”

आई आतून म्हणाली, “म्हातारं माणूस काही करत नाही रे बाबा, नुसतं तापतं.”

विजेच्या दृष्टीने हे विधान अगदी बिनचूक होते. तारेच्या बल्बाला मिळालेल्या विजेतली फार थोडी उजेडाच्या वाट्याला जाते. बाकी तो तापतो. पण त्या तापण्यातच त्याचा उपयोग होता. दरवानाला हवा तो जोर त्याने पुरवायचा. आणि रात्री यंत्र जो घोटभर प्रवाह ओढते, तो याच्या तारेतून निघून जाणार. एवढ्याने तार उजळतही नाही. म्हणजे थरथर आणि भूक, दोन्हींवर औषध एकच. त्यासाठी एक छोटी तयार डबीही मिळते, असे वायरमनने प्रामाणिकपणे सांगितले. पण तोपर्यंत आई तिच्या कपाटातून पन्हळी पुठ्ठ्याच्या वेष्टनातला एक पिनचा बल्ब घेऊन आली होती. घरातले सगळे बल्ब बदलले, तेव्हा तिने तो बाजूला ठेवला होता. “असू दे म्हटलं, लागेल.” तिच्या कपाटात अशा ‘असू दे’ म्हणून ठेवलेल्या बऱ्याच वस्तू आहेत, आणि जगाची गाडी अडली की त्यांतली एखादी निघते. दिवाणखाना आणि तिची खोली यांच्या मधल्या बोळात भिंतीवर जुना होल्डर होता. तिथपर्यंत एक वायर ओढली. बल्ब लागला.

मी पट्टी शंभरावरून खाली आणू लागलो. साठ, चाळीस, पस्तीस. पस्तिशीची ती बदनाम रेषा ओलांडली आणि काही झाले नाही. वीस, दहा. छतातले चार दिवे बिनतक्रार खाली उतरले. बायको नुसते ‘बरं झालं’ म्हणाली. पण डिस्को गेल्याची थोडी हुरहुर तिच्या चेहऱ्यावर मी पाहिली. पाहुण्यांशी बोलायचा एक हक्काचा विषय संपला होता.

मग एक गोष्ट नजरेला आली, ती चार आणि एक शेजारी होते म्हणूनच. एलईडी खाली आणला की तो कमी होतो. त्याचा रंग शंभरला जो असतो, तोच दहाला; पांढरा, नेमका, फक्त थोडका. तारेचा बल्ब खाली आणला की तो कमी होतोच, पण बदलतोही. तार थंडावते तसा त्याचा पिवळा केशरी होतो, केशरी तांबूस होतो. संध्याकाळचे ऊन ज्या क्रमाने उतरते, त्याच क्रमाने. शिवाय त्याला सेकंदातले शंभर खंड जाणवत नाहीत; तार एकदा तापली की दोन उशिरांच्या मध्ये ती पुरती निवतच नाही. दार बंद असतानाच्या अंधारातही ती मागची ऊब धरून असते. छतातल्या दिव्यांची संध्याकाळ आपल्या डोळ्याला करून घ्यावी लागते. या बल्बाची काही अंशी त्याची स्वतःचीच असते. उतरणे सगळ्यांनाच आहे. काही जण उतरताना नुसते थोडे होतात. काही मवाळ होतात. माझी आई एके काळी शंभर वॉटची होती. तिच्या आवाजाने वाड्यातली मांजरेही आपापल्या जागी बसत. आता ती एका वाक्यात जेवढे बोलते, तेवढ्यावर घर चालते, आणि त्या वाक्याचा रंग मात्र वेगळाच असतो.

मंद जळणाऱ्या तारेला आणखी एक वरदान आहे : ती फार जगते. व्होल्टेज थोडे जरी उतरले, तरी बल्बाचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१पासून एक बल्ब जळतो आहे. कोळशाच्या तारेचा, तोंडाने फुंकून केलेल्या काचेचा. आज तो जेमतेम चार वॉटचा उजेड देतो. म्हणजे आमच्या झिरोच्या बल्बाहूनही लहान शून्य. गावाने त्याचा शंभरावा वाढदिवस साजरा केला. बंबवाल्यांना त्या उजेडाचा आता काही उपयोग असेल असे वाटत नाही. पण त्याच्याखालून एका मागून एक पिढ्या आगी विझवायला धावल्या, आणि तो स्वतः न विझता त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला कोणी पूर्ण उजेडाने जळायला लावले असते, तर तो पहिल्याच वर्षी कामी आला असता.

मुलीने परवा व्हिडिओवर घर पाहिले आणि विचारले, “बाबा, बोळातला तो एक असा तांबडा का दिसतोय? ॲपमध्ये तर चारच दिवे आहेत.” ॲपला तो बल्ब ठाऊकच नाही. त्याला नाव नाही, क्रमांक नाही, पडद्यावर जागा नाही. फक्त विजेचा खर्च वाढल्याचे ॲपच्या ध्यानात आले आहे, आणि त्याचे कारण सापडत नसल्याने ते अस्वस्थ आहे. आठवड्याला त्याची एक सूचना येते : तुमच्या घरात कुठेतरी जास्त वीज खर्च होत आहे, ती कमी करायची का? मी ती सूचना आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “विचारतंय ते चांगलंच आहे. पण त्याला सांग, चाळीस वॉट काही फार नाहीत.” सूचनेखाली उत्तरासाठी दोन चौकोन असतात. एकावर ‘हो’ लिहिलेले असते. दुसऱ्यावर ‘नाही’ असेल असे मला वाटले होते, पण तिथे लिहिलेले असते ‘नंतर’. आहे आणि नाही यांच्यापलीकडे ज्याला काही कळत नाही असे आपण समजत होतो, त्या यंत्रालाही मधली जागा सापडली म्हणायची. दर आठवड्याला मी आनंदाने ‘नंतर’ दाबतो.